हेअरी सेल ल्युकेमिया: क्लॅड्रिबिन सात दिवस सलग की पाच दिवस दोन-दोन तास? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या वडिलांना (अण्णा, वय ५९, वजन ६२ किलो) हेअरी सेल ल्युकेमिया (रक्ताचा एक कर्करोग) निघालाय. ल्युकेमियाच्या शंभर पेशंटमध्ये जेमतेम दोघांना होणारा प्रकार, त्यामुळे ओळखीत विचारायला कोणी नाही. म्हणून इथे लिहितोय.

रिपोर्ट थोडक्यात: हिमोग्लोबिन ८.९, पांढऱ्या पेशी २१००, त्यातले न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पेशी) ७००, प्लेटलेट ५४ हजार, पाणथरी (प्लीहा) वाढून १९ सेंमी. मॅरो (हाडातला मगज) काढताना सुईत काही आलंच नाही, हाडाच्या तुकड्यावरून निदान झालं. बीआरएएफ व्ही६००ई (या आजारात दिसणारा जनुकातला बदल) पॉझिटिव्ह. ताप नाही, किडनी ठीक, हिपॅटायटिस बी निगेटिव्ह. औषध क्लॅड्रिबिनच द्यायचं हे डॉक्टरांनी नक्की केलंय, त्याबद्दल शंका नाही. प्रश्न आहे तो कसं द्यायचं याचा.

त्यांनी सांगितलेली पहिली पद्धत म्हणजे ॲडमिट करून सात दिवस चोवीस तास पंपावर, रोज किलोमागे ०.१ मिलिग्रॅम. दुसरी, डे-केअरमध्ये पाच दिवस रोज दोन तासांचं सलाईन, किलोमागे ०.१४. तिसरी, हाच पाच दिवसांचा डोस पोटाच्या कातडीखाली इंजेक्शनने. मी हिशोब मांडून पाहिला. अण्णांना सात दिवसांत ६.२ गुणिले ७ म्हणजे ४३.४ मिलिग्रॅम, आणि पाच दिवसांत ८.६८ गुणिले ५ म्हणजे तेवढेच ४३.४. एकूण औषध तंतोतंत सारखं असेल तर सात दिवस पंपाला बांधून ठेवण्यात फायदा काय? १९९० साली कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स क्लिनिकने १२ पेशंटवरचे जे निकाल छापले, ते सात दिवसांच्या पद्धतीचे होते. मूळ पद्धत तीच, म्हणून जास्त खात्रीची, असं आमचे एक नातेवाईक म्हणतात. शिवाय आठवड्यातून एकदा असं सहा आठवडे घेतलं तर काउंट (रक्तपेशींचे आकडे) कमी घसरतात, असंही कोणीतरी सांगितलं. खरं आहे का?

आम्ही मंगळवेढ्याचे. पुणं पाच तासांवर. अण्णांचा हट्ट आहे की शेवटचा डोस झाला की त्याच रात्री घरी निघायचं. दुधाच्या हिशोबाच्या वहीतच त्यांनी आता मागच्या पानावर प्लेटलेटचे आकडे लिहायला घेतलेत, आणि आई दर वेळी रिपोर्ट आला की आधी ते पान उघडते. दोघांना खरं काय ते सांगायचंय. अनुभव असणाऱ्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद १

माझ्या मिस्टरांना हाच आजार होता, पाच दिवसांची कातडीखालची इंजेक्शनं घेतली. आता बरीच वर्षं झाली, रिपोर्ट चांगले आहेत. तुमचा हिशोब बरोबर आहे. आमच्या डॉक्टरांनी असं समजावलं होतं की हे औषध पेशीत शिरल्यावर तिथे बदलतं आणि बराच वेळ आतच टिकतं, म्हणून शिरेतून थेंब थेंब चालू ठेवायची गरज उरत नाही. तिन्ही पद्धतींनी आजार सारखाच आटोक्यात येतो. सात दिवस पंप म्हणजे सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत बसवलेली नळी) आली, आणि प्लेटलेट ५४ हजार व न्यूट्रोफिल ७०० असताना ती लाइन म्हणजे रक्तस्रावाची आणि जंतुसंसर्गाची आणखी एक वाट. मी तरी ती टाळली असती.

पण दादा, खरा प्रश्न पाच की सात हा नाहीच. औषध संपतं त्यानंतर काउंट आणखी खाली जातात आणि वर यायला काही आठवडे लागतात. दहातल्या चारेक जणांना या काळात ताप येतो. १००.४ फॅरनहाइट दिसला की क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नसते, त्याच तासाला हॉस्पिटल गाठून शिरेतून अँटिबायोटिक सुरू करावं लागतं. आमच्याकडे तो ताप रात्री दोनला आला. हॉस्पिटल वीस मिनिटांवर होतं म्हणून निभावलं. पाच तासांचा प्रवास तेव्हा करायचा? अण्णांना तेवढं एक समजावा. काउंट वर येईपर्यंत पुण्यात राहा.

प्रतिसाद २

डे-केअरमध्ये सिस्टर आहे, थोडी भर घालते. आठवड्यातून एकदा देण्याची पद्धत पोलंड आणि स्वित्झर्लंडमध्ये रोजच्या डोसशी थेट ताडून पाहिली गेली आहे. इन्फेक्शन कमी होईल अशी आशा होती, तसं झालं नाही. त्यासाठी सहा खेपा घालू नका.

कातडीखाली द्यायचं असेल तर व्हायल कोणती ते विचारा. एका मिलीत १ मिलिग्रॅमची असेल तर रोज साडेआठ मिलीपेक्षा जास्त होतं, ते दोन-तीन जागी वाटून टोचावं लागतं. तेवढ्यासाठी काही ठिकाणी दोन तासांचं सलाईनच पसंत करतात, त्यात काही वावगं नाही. रक्त किंवा प्लेटलेट चढवायची वेळ आली तर 'इरॅडिएटेड' (किरणोत्सार दिलेली) पिशवीच हवी, हे फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या, कारण इमर्जन्सीत ड्यूटीवर नवा डॉक्टर असू शकतो. सेप्ट्रान आणि असायक्लोव्हिर (इन्फेक्शन टाळायची औषधं) कधी सुरू करायचं, किती महिने, तेही लिहून मागा. आणि शेतकरी घर आहे म्हणून सांगते, काउंट खाली असताना मळणी, कडबा, धान्याची पोती, शेणखत यांच्या जवळ अण्णांना जाऊ देऊ नका. त्या धुळीत बुरशी असते.

महिन्याभरात पाणथरी नि काउंट सुधारले नाहीत म्हणून घाबरू नका. मॅरो पुन्हा तपासतात ते चार ते सहा महिन्यांनी. त्याआधी दुसरा कोर्स देण्याची घाई सहसा करत नाहीत.

धागाकर्ता

दोघींचे मनापासून आभार. ताई, तुमचा प्रतिसाद अण्णांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, "म्हणजे औषधापेक्षा नंतरचे दिवस सांभाळायचे?" आणि राहायला तयार झाले. सोमवारी ओपीडी आहे. पाच दिवसांची पद्धत, इरॅडिएटेड पिशवी आणि रात्री ताप आला तर थेट कोणत्या नंबरवर फोन करायचा, हे तीन मुद्दे लिहून नेतोय.

आता एकच मदत हवी. पुण्यात स्टेशन किंवा शिवाजीनगरच्या बाजूला महिना-दीड महिन्यासाठी खोली हवी आहे, तळमजला, स्वतंत्र संडास, आईला दोन वेळचा स्वयंपाक करता येईल अशी. रात्री-बेरात्री रिक्षा मिळेल असा रस्ता असावा. कोणाला माहीत असेल तर व्यनि करा.