मध्यम बोअरच्या (नळीच्या आतील व्यासाच्या) रायफलीसाठी काडतूस भरताना जड गोळी घ्यावी की हलकी?

मूळ मांडणी (अंबाजोगाईकर, सध्या मुक्काम विंडहुक)

मी मूळचा अंबाजोगाईचा असून नोकरीनिमित्त बरीच वर्षे नामिबियात राहतो. तिथे शिकार आणि घरी काडतुसे भरणे या दोन्ही गोष्टी परवान्याच्या चौकटीत चालतात. या दिवाळीत गावी आलो असताना मित्रांमध्ये गोळीच्या वजनावरून वाद झाला, म्हणून माझे मत इथे सविस्तर मांडतो.

माझी रायफल .३७५ हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम आहे. १९१२ साली हे काडतूस बाजारात आले तेव्हापासूनच ते २३५, २७० आणि ३०० ग्रेन अशा तीन वजनांच्या गोळ्यांत मिळत असे. मी फक्त ३०० ग्रेनची, म्हणजे सुमारे १९.४ ग्रॅमची गोळी भरतो आणि तीही वेगाची कमाल मर्यादा न गाठता, सेकंदाला ७३० मीटरच्या आसपास ठेवून. गोळीचे पौंडातील वजन तिच्या इंचातील व्यासाच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो, त्यावर ती मांसात आणि हाडात किती खोल जाईल हे बरेचसे ठरते. ३०० ग्रेनच्या गोळीचा हा आकडा ०.३०५ भरतो, तर २७० ग्रेनच्या गोळीचा ०.२७४ च येतो.

हा फरक मला कागदावर नव्हे, रानात कळला. काही वर्षांपूर्वी तिरप्या उभ्या असलेल्या इलँड या मोठ्या हरणाच्या नरावर मी २७० ग्रेनची मऊ टोकाची गोळी झाडली. इलँडचा पूर्ण वाढलेला नर सातशे किलोंच्या पुढे जातो. गोळी खांद्याच्या हाडावर फुटली, आत पोहोचलीच नाही, आणि रक्ताचे थेंब शोधत आम्ही अंधार पडेपर्यंत त्या जखमी जनावरामागे फिरलो. ते सापडले, पण तोवर त्याने जे सोसले त्याला माझी निवड जबाबदार होती. त्या दिवसापासून मी हलकी गोळी भरलेली नाही.

किनवटकर

दादा, आपली कळकळ पटते, पण निष्कर्ष पटत नाही. आपला दोष वजनाचा नसून बांधणीचा होता. आपण दिलेला आकडा गोळी नळीतून बाहेर पडते तेव्हाचा आहे. जनावराच्या अंगात शिरल्यावर मऊ टोक पसरून व्यास दुप्पट झाला, तर वजन तेवढेच राहिले तरी तो आकडा चौथाईवर येतो, आणि शिसे तुटून पडले तर त्याहूनही खाली जातो. मग सुरुवातीच्या ०.३०५ ला काय अर्थ उरला?

नेमक्या याच अडचणीतून जॉन नॉस्लर यांनी मधोमध धातूची आडभिंत असलेली पार्टिशन गोळी तयार केली आणि १९४८ पासून ती विक्रीला आणली. पुढचा भाग फुटला तरी मागचा अर्धा भाग शाबूत राहून आत घुसतो. आजची अखंड तांब्याची गोळी त्याच्याही पुढे आहे. ती पसरते, पण आपले वजन जवळजवळ पूर्ण टिकवते. अशी २५० किंवा २७० ग्रेनची गोळी आपल्या ३०० ग्रेनच्या मऊ गोळीपेक्षा खोल गेली तर मला नवल वाटणार नाही. शिवाय तिची वाट सपाट असते आणि खांद्याला बसणारा धक्का कमी असल्याने नेमही चांगला लागतो. मेलेल्या जनावराची आतडी खाणाऱ्या गिधाडांच्या पोटात शिशाचे कण जात नाहीत, हा लाभ मी गौण मानत नाही. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली, ती मुख्यतः तिथल्या काँडर गिधाडांसाठीच होती.

लातूरकर (सेवानिवृत्त, दारूगोळा विभाग)

दोघांच्याही वादात पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या कवचाच्या, आतला विचार राहून गेला आहे. जड गोळी लांब असते. काडतुसाची एकूण लांबी ठरलेली असल्यामुळे ती पुंगळीत अधिक खोल बसते, दारूची जागा व्यापते आणि तीच दारू असतानाही दाब वाढतो. तांबे शिशापेक्षा हलके असल्यामुळे त्याच वजनाची तांब्याची गोळी आणखी लांब होते, हे किनवटकरांनी ध्यानात घ्यावे. म्हणून गोळी बदलली की जुने माप पुढे चालवणे हा गुन्हाच समजावा. त्याच गोळीसाठी छापलेल्या तक्त्यातील सर्वांत खालच्या मापापासून नव्याने सुरुवात करावी.

दुसरी बाब उष्णतेची. जुन्या कॉर्डाइट दारूचा दाब उन्हात झपाट्याने चढत असे, म्हणून उष्ण प्रदेशांसाठी वेगळी, सौम्य काडतुसे भरली जात. .३७५ ची पुंगळी चांगलीच निमुळती आहे, त्यामुळे तापलेल्या नळीतूनही ती सहज सुटते. आजची दारू पुष्कळ स्थिर असली तरी परभणीत मे महिन्यात पारा ४२ च्या वर असताना गाडीत ठेवलेले काडतूस आणि सावलीतले काडतूस एकसारखे वागेल असे मी म्हणणार नाही.

अंबाजोगाईकरांना एक थेट प्रश्न आहे. १९.४ ग्रॅम वजन आणि ७३० मीटर वेग धरला तर ऊर्जा सुमारे ५२०० ज्यूल भरते. नामिबियाचा नियम हत्ती आणि रानम्हैस यांसाठी किमान ५४०० ज्यूल मागतो. मग सौम्य भरणीचा हा आग्रह कशासाठी?

अंबाजोगाईकर

काका, हिशेब अचूक आहे. मी इलँड, कुडू आणि गेम्सबॉक या हरणांपलीकडे जात नाही आणि त्यांच्यासाठी तिथे २७०० ज्यूल पुरतात. रानम्हशीसाठी ७७० मीटर वेगाचे कारखान्यातले काडतूसच वापरावे, हे मला मान्य आहे. मात्र कमी वेगामुळे मऊ गोळी कमी फुटते आणि खोल जाते, हा माझा मुद्दा किनवटकरांच्या उत्तराने खोडला जात नाही, उलट त्याला बळच मिळते.

जिंतूरचा शेतकरी

भाऊ, आमच्याकडे पीकसंरक्षणासाठी मिळते ती .३१५ ची रायफल. गोळी कारखाना देईल तीच, कारण परवान्याशिवाय काडतूस बनवणे हा १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ चा भंग ठरतो. रानडुकराने हरभरा उकरला किंवा रोह्यांनी (नीलगायींनी) तूर मोडली, तरी वनाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून चाप ओढता येत नाही. आणि परवानगी मिळाल्यावर मला भीती वाटते ती नेमकी आपल्या आवडत्या गुणाची. डुकराच्या आरपार गेलेली गोळी मुरमाड बांधावर आपटून कुठे जाईल याचा नेम नसतो, आणि शेजारच्या वावरात जागलीला माणूस बसलेला असतो. मला आरपार न जाणारी, अंगातच थांबणारी गोळी हवी आहे. खोल जाण्याचे कौतुक माळावर शोभते, वस्तीलगतच्या शिवारात नाही.

किनवटकर

हा आक्षेप माझ्या तांब्याच्या गोळीलाही तितकाच लागू होतो, हे मान्य करतो. पण अंगात थांबणारी मऊ गोळी डुकराच्या खांद्यावरच फुटली, तर जखमी डुक्कर उसात शिरेल, आणि सकाळी तोडीला येणाऱ्या बायामाणसांसमोर ते उभे राहील.

अंबाजोगाईकर

जिंतूरच्या भाऊंचे म्हणणे मी मनावर घेतो. कळपामागे दुसरे जनावर उभे असेल तर आम्हीही बार टाकत नाही, मग माणसाची गोष्ट तर दूरच. त्यांच्या शिवारासाठी मी माझी गोळी सुचवणार नाही. परत गेल्यावर ३०० ग्रेनची मऊ आणि २७० ग्रेनची तांब्याची, अशा दोन्ही गोळ्या भिजवलेल्या वर्तमानपत्रांच्या थप्पीत झाडून खोली आणि उरलेले वजन मोजेन, आणि काकांच्या सूचनेप्रमाणे निम्मी काडतुसे सावलीत, निम्मी उन्हात ठेवून त्यांचा वेगही नोंदवेन.