देवळाच्या अग्रशाळेतलं कलाकेंद्र: तिथंच ठेवावं की बाहेर काढावं?

अंत्रुजकर (धागाकर्ता)

फोंडा तालुक्यातल्या आमच्या देवस्थानाच्या अग्रशाळेत (देवळाभोवतीच्या भाविकांसाठीच्या ओवऱ्यांत) गेली काही वर्षं संध्याकाळी पेटी, तबला, घुमट (मडक्यासारखं मातीचं तालवाद्य), नाच आणि चित्रकला शिकवतात. फी नाही. येणारी मुलं गावडेवाड्यावरची (गावडा जमातीच्या वस्तीतली), बांधकामांवरच्या कानडी मजुरांची आणि जवळच्या बालगृहातली. सुरुवात एका कीर्तनकारबुवांनी केली. देवाच्या दारी कुणाला परत पाठवायचं नाही, एवढाच त्यांचा नियम होता.

आता येत्या आमसभेत यावर वाद होणार आहे. काही महाजन (देवस्थानाचे वंशपरंपरागत सभासद) म्हणतात, देवळाच्या पैशाने चालतं तर प्रत्येक मुलाने आरतीला बसलंच पाहिजे आणि नवरात्रात मखरोत्सवाला (देव मखरात बसवून झुलवतात त्या उत्सवाला) सेवा दिलीच पाहिजे. काही म्हणतात, असल्या भानगडी देवळात नकोत, पंचायतीच्या हॉलमध्ये न्या.

माझं मत: केंद्र अग्रशाळेतच राहावं, आणि सक्ती कसलीच नसावी. गोव्यातली कला देवळाच्या चौकातच वाढली. काला, दशावतार, जत्रेतली मराठी नाटकं, सगळं तिथलं. गायिका केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई, तबल्याचे पर्वताचे खाप्रुमामा, ही माणसं या मातीतून वर आली. आणि व्यवहाराचं सांगायचं तर पंचायतीचा हॉल लग्नसराईत मिळत नाही, निवडणूक आली की मिळत नाही. अग्रशाळा रोज झाडली जाते, दिवा रोज लागतो. मजुराची बायको आपल्या बारा वर्षांच्या मुलीला अंधार पडल्यावर कुठे पाठवेल? देवळात पाठवते. हा विश्वास आपण उभा केलेला नाही, तो आयता मिळाला आहे. तो घालवू नये असं मला मनापासून वाटतं.

पारोड्याची

तुम्ही ज्यांची नावं अभिमानाने घेतलीत ती माझ्या समाजातली, देवळाच्या सेवेतल्या कलावंतिणींच्या घराण्यांतली आहेत, म्हणून लिहिते.

देवळाने आम्हाला कला दिली हे खरं. त्याच देवळाने आम्हाला कुठे उभं राहायचं तेही सांगितलं. आमच्या पणज्या देवासमोर गायल्या, पालखीपुढे नाचल्या, आणि देवळाच्या कारभारात त्यांना एक शब्द बोलायची सोय नव्हती. त्यांच्या मुलांना बापाचं नाव नव्हतं. राजाराम पैंगीणकरांसारख्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात समाज जागा केला, मुलींना त्या सेवेतून बाहेर काढलं, शाळेत घातलं. आज आमच्या गोमंतक मराठा समाजात डॉक्टर, वकील, प्राध्यापक आहेत ते देवळाची पायरी सोडल्यामुळे. मोगूबाईंचं गाणं मोठं झालं ते मुंबईत, अल्लादिया खाँसाहेबांच्या तालमीत. केसरबाईंचं गाणं 1977 मध्ये व्हॉयेजर यानातून अवकाशात गेलं, पण त्यासाठी त्यांना आधी केरी सोडावी लागली होती.

तेव्हा ‘मखरोत्सवाला सेवा’ हे शब्द वाचले आणि अंगावर काटा आला. गरिबाच्या मुलीला फुकट नाच शिकवायचा आणि मग उत्सवात महाजनांसमोर नाचवायचा, हे आमच्या घरात होऊन गेलेलं आहे. केंद्र बाहेर काढा.

माजोर्डेकर

पारोड्याची यांचं दुःख समजतं, पण निष्कर्ष पटत नाही. दक्षिण गोव्यातल्या आमच्या सासष्टीकडे बघा. चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांतून पोर्तुगीज काळात शेकडो मुलं सॉल्फेज (नोटेशन वाचून सूर गाणं) शिकली, व्हायोलिन शिकली. शिकवणारा मेस्त्री कडक, चूक झाली की पट्टी. पण त्या शाळांमुळे मुंबईच्या बँडना आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांना नोटेशन वाचणारे वादक मिळाले. आमच्या गावचे अँथनी गोन्साल्विस घ्या. वडील चर्चच्या कॉयरचे मेस्त्री. मुलगा मुंबईत गेला, प्यारेलालांचा गुरू झाला, आणि 1958 मध्ये त्याने हिंदुस्तानी राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र मांडणारा ऑर्केस्ट्रा उभा केला.

हे सगळं मिस्सासाठी (चर्चमधल्या उपासनेसाठी), लदायनीसाठी (सामूहिक प्रार्थनेसाठी) गायक-वादक हवे होते म्हणून झालं. हेतू धर्माचाच होता. पण मुलाच्या हाताला जे वळण लागलं ते चर्चला परत घेता आलं नाही. गरज श्रद्धेची असते म्हणून माणसं रोज येतात, रोज शिकवतात. नुसत्या समाजसेवेच्या उत्साहाने चाललेले वर्ग माझ्या डोळ्यांदेखत दोन वर्षांत बंद पडलेले आहेत.

दीवाडकर

माजोर्डेकर, चर्चची दुसरी बाजूही लिहा. त्या गावांत कॉन्फ्रारिया (चर्चची भाविक मंडळं) जातीनुसार होत्या, फेस्ताचा (चर्चच्या उत्सवाचा) मान कुणाचा यावरून भांडणं होत होती.

आणि आंजेलो द फोन्सेका आठवा. 1902 साली सांतु इस्तेव्हला जन्मलेला चित्रकार. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ आणि नंदलाल बसूंकडे शिकला, गोव्यात परतला आणि मारियाला साडी नेसवली. गव्हाळ रंगाची, आपल्याकडच्या बाईसारखी आई. भाविकांना ती खपली नाही, टीका झाली आणि त्याला गोवा सोडून पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात आसरा घ्यावा लागला. 1967 मध्ये तो गेलाही पुण्यातच. आज त्याच चर्चमधल्या जेझुइट धर्मगुरूंच्या पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये त्याची चित्रं जपून ठेवलेली आहेत.

म्हणजे धर्मसंस्थेला कला हवी असते, पण आपल्या मापाची. उद्या अग्रशाळेतल्या कुणा मुलीने लमाणी तांड्यावरच्या आपल्या आईच्या रूपात शांतादुर्गा रंगवली, तर ते चित्र भिंतीवर लागेल का? अंत्रुजकर, याचं उत्तर मला हवं आहे. आणि बिगरधर्मी काम टिकत नाही म्हणता? चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन 2009 पासून गोव्यात वंचित मुलांना व्हायोलिन, चेलो शिकवते आहे. तिच्यामागे ना देऊळ ना चर्च.

सांगेकर

दीवाडकर, पणजीसारखं शहर वेगळं, आमचे वाडे वेगळे. इकडे संध्याकाळी सातनंतर कदंबची बस नाही. मूल चालत जाईल तिथेच शिकेल, आणि चालत जाण्याच्या अंतरावर देऊळ किंवा कपेल (लहान चर्च) सोडून छप्पर असलेली दुसरी जागाच नाही.

फुलकार

मी बालगृहातल्या मुलांबरोबर काम करते. एक मुद्दा कुणीच घेतला नाही.

एका देवस्थानाच्या उत्सवात (गाव सांगत नाही) आमच्या मुलांचा नाच होता. मंडपाच्या दारात भला मोठा फलक: ‘अनाथ व वंचित मुलांचा कार्यक्रम’. खाली देणगीदारांची नावं, वर मुलांचे फोटो. तिथं नाचलेली एक मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत गेली नाही, कारण तोपर्यंत वर्गात कुणाला ठाऊक नव्हतं ती कुठे राहते. नाच सुंदर झाला होता. टाळ्या खूप पडल्या. तिने पुन्हा घुंगरू बांधले नाहीत.

देऊळ की पंचायत, या वादाआधी हे ठरवा की मुलांची ओळख कोण सांभाळणार. मुलं विद्यार्थी म्हणून आली असतील तर कार्यक्रमात त्यांची ओळख विद्यार्थी एवढीच. देणगीदाराला फोटो नाही. हे ज्या जागेत पाळलं जाईल ती जागा मला चालेल, मग वर कळस असो की क्रूस.

अंत्रुजकर

फुलकार, हे मी लिहून घेतलं.

दीवाडकर, शांतादुर्गेच्या चित्राबद्दल: आज ते लागणार नाही. खोटं कशाला बोलू. पण मुलगी ते काढेल तरी कुठे? जिथं तिच्या हाती कुंचला पडला तिथेच. वाद होईल, तो अग्रशाळेतच व्हावा, महाजनांच्या डोळ्यांसमोर.

पारोड्याची, तुमचं म्हणणं मी टाळत नाही. फक्त आत काय चालतं ते सांगतो. घुमट 2019 मध्ये राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर झालं तेव्हा सगळ्यांनी भाषणं केली. पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं चढवत, ते कायद्याने बंद झालं, आता बकरीचं चढवतात. आमच्याकडे एक मूल आहे, बाप सेंट्रिंगचं काम करतो. कातडं किती भिजवायचं, मोठ्या तोंडावर ओढताना सुतळीचा पहिला फेरा कुठे घ्यायचा, सावलीत किती वाळू द्यायचं, हे त्याला आता बुवांपेक्षा जास्त कळतं. एका हाताने थाप, दुसरा तळवा मागच्या लहान तोंडावर, आणि तो तळवा उघडझाप करत आवाज असा फिरवतो की आरतीला आलेले म्हातारे मागे वळून बघतात. चतुर्थीत चार घरांनी त्याला आरत्यांना बोलावलं. त्यातलं एक घर असं की ज्याच्या पडवीत त्याचा बाप विटा उतरवायला गेला तेव्हा बाहेर थांबला होता. पंचायतीच्या हॉलमध्ये शिकला असता तर हे आमंत्रण आलं नसतं.

पारोड्याची

आमंत्रण आलं याचा आनंद आहे. पण आमच्या पणजीलाही आमंत्रणं येतच होती, मोठमोठ्या घरांतून. बोलावणाऱ्याची मर्जी असेपर्यंत.

तुमचं देवस्थान 1933 च्या देवस्थान कायद्याखाली चालतं. मतदान महाजनांचं, महाजन ठरावीक घराण्यांतले, बहुतेक ठिकाणी पुरुषच. अंदाजपत्रक मामलेदाराकडे जातं. म्हणजे त्या घुमटवाल्या पोराचा बाप, गावडेवाड्यावरची आई, बालगृहाची ताई, यांपैकी कुणालाही तुमच्या आमसभेत बसायचा हक्क नाही. गावडा, कुणबी, वेळीप यांना 2003 मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, पण तुमच्या सभेत त्याने काय बदललं? पोरांचं भवितव्य ठरणार आणि पोरांच्या घरचं कुणी तिथं नसणार.

म्हणून तडजोड सांगते, समाधान म्हणून नाही. जागा देवळाची राहू दे. पण केंद्राची वेगळी संस्था नोंदवा. तिच्या समितीत निम्म्याहून जास्त पालक आणि माजी विद्यार्थी, त्यांत बायका. देवस्थानाशी लेखी भाडेकरार, भाडं एक रुपया का असेना. उद्या बुवा गेले, महाजन बदलले, तरी करार राहील. उत्सवात गायचं की नाही हे मूल ठरवील, आणि गायलं तर बिदागी मिळेल.

माजोर्डेकर

बिदागीचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. आमच्याकडे फेस्ताच्या बँडला पैसे मिळतात, मग मुलांनी फुकट का वाजवावं? पण वेगळी संस्था म्हटली की नोंदणी, हिशेबतपासनीस, दरवर्षीचे कागद. हे करायला माणूस कुठून आणणार? मला भीती वाटते की समित्यांच्या बैठकांत पेटी बंदच राहील.

सांगेकर

कागद करायला मी येतो. निवृत्त आहे, पंचायत सचिव होतो.

अंत्रुजकर

सांगेकर, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. आमसभा रविवारी आहे. एक रुपयाच्या कराराचा ठराव मांडणार आहे, आणि त्या दिवशी तीन पालकांना बाहेरच्या ओसरीवर तरी बसू द्यावं, अशी विनंती अध्यक्षांकडे आधीच दिली आहे.

पारोड्याची

ओसरीवर नको. आत.