किलीमांजारो चढून कॅन्सरच्या रुग्णांसाठी निधी जमवणं: तुम्हाला पटतं का?

मलप्रभाकाठ
आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातला एक तरुण आफ्रिकेत टांझानियाला किलीमांजारो चढायला निघालाय. उंची ५,८९५ मीटर. त्या निमित्तानं तो देणग्या जमवतोय. मुंबईला कॅन्सरच्या उपचारासाठी गेलेल्या गरीब रुग्णांची राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्या एका संस्थेला ते पैसे जाणार आहेत. गावच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर आवाहन आलं आणि लगेच दोन तट पडले. ‘हौस स्वतःची, पैसा लोकांचा’ असं एकांचं म्हणणं. ‘चांगल्या कामाला नावं ठेवू नका’ असं दुसऱ्यांचं.

मी देणगी देणार आहे. विमानाचं तिकीट, पार्कची फी, वाटाड्यांचे पैसे हे सगळं तो स्वतःच्या पगारातून भरतोय, एवढी खात्री मी करून घेतली. तसं नसतं तर एक रुपया दिला नसता.

का देणार, तेही सांगतो. माझ्या काकांना घशाचा कॅन्सर झाला. रेडिएशन आठवड्यातून पाच दिवस, असे जवळजवळ सात आठवडे. एका वेळचं काम काही मिनिटांचं, पण रोज तिथं हजर राहावंच लागतं. बेळगाव-मुंबई रोज कोण करणार? उपचार सरकारी योजनेच्या कार्डावर झाले. खोलीचं भाडं, काकूची बुडालेली मजुरी, रोजचं खाणं मात्र कुठल्याच कार्डात बसत नाही. काकांना गिळता येईना म्हणून नाकातून नळी घातली होती. काकू नाचणीची पेज पातळ करून दोनदा गाळायची आणि मोठ्या सिरिंजनं हळूहळू नळीत सोडायची. एक कण राहिला तरी नळी तुंबते. फूटपाथवर राहून हे कसं करणार? गॅस पेटवता येईल अशी खोली पाहिजे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी अशांना आसरा मिळतो, पण येणारी माणसं जागेपेक्षा कितीतरी जास्त.

निपाणीचा
काकांचं वाचून वाईट वाटलं. तरीही मी देणार नाही, आणि कारण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या निपाणीचं नाव तंबाखूनं झालं. १९८१ मध्ये तंबाखूच्या दरासाठी शेतकऱ्यांनी इथं महामार्ग अडवला, गोळीबारात माणसं गेली. घराघरांत बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत आल्यात. तंबाखूची धूळ नाकातोंडात, आणि काम करता करता चिमूटभर गालात. या पट्ट्यात तोंडाचा कॅन्सर कुठून येतो हे सांगायला आफ्रिकेतला डोंगर कशाला हवा?

तोंडात पांढरा चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तीन बोटं उभी आत जाणार नाहीत इतकं आखडलेलं तोंड. बॅटरी लावून बघितलं तर हे दिसतं. तिशीपुढच्या माणसांची तोंडाची, स्तनाची, गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून व्हायची असते. प्रत्यक्षात किती बायका तिथवर पोचतात? मजुरी बुडवून कोण जाणार? पैसा इथं लावा की. मुंबईला पोचलेल्या माणसाचा आजार बहुतेक वेळा पुढं गेलेला असतो.

घाटवाटा
मी राजहंसगडापासून पारगडापर्यंत या भागातले गड पायी फिरलोय, म्हणून डोंगराच्या बाजूनं बोलतो. किलीमांजारोला दोर-कुऱ्हाडीचं काम लागत नाही हे खरं, पण त्याला सहल म्हणू नका. अडीच हजार मीटरच्या वर गेलं की विरळ हवा बाधायला लागते आणि शिखरावर प्राणवायू जवळपास निम्माच मिळतो. धडधाकट माणसंही अर्ध्यातून परत येतात.

निपाणीकर, तपासणी हवीच. पण सांगा, तपासणीसाठी म्हणून मागितलं असतं तर ग्रुपवर कुणी वाचलं असतं? कॅनडाच्या टेरी फॉक्सचा पाय हाडाच्या कॅन्सरनं गेला होता. १९८० मध्ये तो कृत्रिम पायावर १४३ दिवस धावला, ५,३७३ किलोमीटर. प्रत्येक देशवासीयाकडं त्याचं मागणं होतं एक डॉलर. त्याच्या नावानं आजही देशोदेशी धावून पैसे जमवतात. माणूस स्वतः झिजताना दिसला की बघणाऱ्याचा हात खिशात जातो.

सीमेवरची लेक
टेरी फॉक्स स्वतः रुग्ण होता. धावताना त्याचा आजार फुप्फुसात पसरला आणि १९८१ मध्ये तो गेला. धडधाकट माणसाच्या चढाईशेजारी त्याचं नाव ठेवणं मला अजिबात मान्य नाही.

माझ्या आईवर उपचार झाले. बंगळूरच्या किदवई कॅन्सर रुग्णालयात जायचं की मुंबईच्या टाटाला, यावर घरात आठवडा गेला. आईला कन्नड येत नाही, डॉक्टर काय सांगतात ते तिला थेट कळावं म्हणून मुंबई. मग कार्डाचा घोळ. २०२३ मध्ये महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली मोफत उपचारांची महात्मा फुले जनआरोग्य योजना द्यायचं ठरवलं, तर कर्नाटकानं विरोध केला. आजारी माणसानं फाईल घेऊन कुठल्या दारात उभं राहायचं? तेव्हा निपाणीच्या दादांना सांगते, तपासणीत सापडलेल्या बाईलाही पुढं हेच सोसावं लागतं. खोलीसाठी पैसे लागतातच.

माझा राग त्या आवाहनातल्या फोटोवर आहे. केस गेलेली एक लहान मुलगी, सलाईन लावलेली, आणि शेजारी रकसॅक घेतलेला हा. कुणाची मुलगी ती? तिच्या आईबापाला विचारलं का? आईचा असा फोटो कुणी टाकला असता तर मी सहन केलं नसतं. हा फोटो तिथं आहे तोवर माझ्याकडून काही मिळणार नाही.

जमाखर्च
मी ट्रस्टचे हिशेब बघतो. पैसे चढणाऱ्याच्या फोन-पे नंबरवर पाठवू नका, तो कितीही भला असला तरी. थेट संस्थेच्या खात्यात भरा, पावती तुमच्या नावाची घ्या. देणगीवर आयकराची सवलत हवी असेल तर दोन हजारांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. आणि त्याच्या प्रवासाची बिलं ग्रुपवर टाकायला सांगा. लाखांचा खर्च आहे; दिसला की संशय मिटतो.

निपाणीचा
तोच लाखांचा खर्च मला सलतोय. सगळेच्या सगळे संस्थेला दिले असते तर?

घाटवाटा
त्याच्या पगाराचं काय करायचं ते त्याचं तो ठरवेल. कुणी गाडी घेतली तर आपण हा प्रश्न विचारतो का?

निपाणीचा
गाडी घेणारा माझ्याकडं देणगी मागत नाही.

मलप्रभाकाठ
ताई, फोटोकडं मी बघितलंच नव्हतं नीट. आत्ता त्याला फोन केला. फोटो इंटरनेटवरून उचललेला निघाला. काढतो म्हणाला, आणि काढलाय. खातं आता संस्थेचंच दिलंय. बिलं तिकडून आल्यावर टाकणार आहे. निपाणीकरांशी माझं जमत नाही. आज मुंबईत खोली शोधणाऱ्याला ‘आधी तपासून घ्यायचं होतंस’ असं मी सांगू शकत नाही.

सीमेवरची लेक
फोटो गेलेला बघितला. पाचशे भरले, पावती आली.

निपाणीचा
माझे पैसे निपाणीतच राहतील. विडी कामगारांच्या वस्तीत तोंडाची तपासणी घ्यायचं चाललंय. दंतवैद्य तयार आहेत, रविवार धरलाय म्हणजे मजुरी बुडणार नाही. उजेडाची एक खोली आणि पुढं पाठवायच्या बायकांसोबत बेळगावला जायला दोन-तीन माणसं हवीत. मराठी-कन्नड दोन्ही बोलणारी असतील तर फार बरं. कुणी येणार असाल तर इथंच कळवा.