राउटरमधलं पोर्ट उघडून घरच्या कॉम्प्युटरवर येणं थांबवा

नदीकाठ
दिवाळीत साताऱ्याला आईबाबांकडे होतो, तेव्हा बऱ्याच वर्षांनी राउटरच्या सेटिंगमध्ये शिरलो. पोर्ट फॉरवर्डिंगखाली, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटवरून घरातल्या यंत्रापर्यंत येण्यासाठी उघडलेल्या दारांच्या यादीत, तीन नोंदी. पहिली डीव्हीआरची (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या पेटीची), कॅमेरे बसवणाऱ्याने केलेली. दुसरी ३३८९, म्हणजे विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपची, दूरवरून तो कॉम्प्युटर वापरायच्या सोयीची. ती चार वर्षांपूर्वी मीच केली होती, पुण्यातून घरचे सातबारे, फोटो, बाबांच्या हिशेबाच्या फायली बघता याव्यात म्हणून. तिसरी कशाची ते कळेना.

मग त्या कॉम्प्युटरचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला. फसलेल्या लॉगिनच्या, ४६२५ क्रमांकाच्या नोंदी पानंच्या पानं. अ‍ॅडमिन, टेस्ट, बॅकअप अशी नावं लावून कुणीतरी रात्रंदिवस कडी वाजवत होतं. आईबाबा शेजारच्या खोलीत झोपलेले असताना.

'पासवर्ड मोठा ठेवलाय' या भरवशावर राहू नका. मे २०१९ मध्ये जुन्या विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमध्ये ब्लूकीप नावाचं भगदाड सापडलं, त्यात पासवर्डाची पाळी येण्याआधीच आत शिरता येत होतं. मायक्रोसॉफ्टने आधार संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली होती.

माझं मत स्पष्ट आहे. रिमोट डेस्कटॉप, डीव्हीआर, नॅस (घरच्या फायली साठवणारी नेटवर्कवरची पेटी) यांतलं काहीही थेट इंटरनेटवर ठेवू नये. घरी रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर स्वतःचं वायरगार्ड हे व्हीपीएन, म्हणजे दोन यंत्रांमधला कुलूपबंद बोगदा, लावावं आणि सगळं त्या बोगद्यातून करावं. त्याला एक यूडीपी पोर्ट लागतं, पण योग्य किल्ली नसलेल्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही, त्यामुळे पोर्ट चाचपत फिरणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही. मार्च २०२० पासून, ५.६ आवृत्तीपासून, ते लिनक्सच्या गाभ्यात, कर्नलमध्येच आहे.

कातळसडा
पोर्टांबद्दल शंभर टक्के सहमत, उपायाबद्दल असहमत. तुमच्याकडे पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येणारा इंटरनेटचा पत्ता, आहे म्हणून हे सोपं वाटतंय. आमच्याकडे रत्नागिरीजवळ मोबाइलच्या टॉवरवर चालणारं वायरलेस इंटरनेट आहे. राउटरचा बाहेरचा पत्ता १०० ने सुरू होतो, दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला. म्हणजे सीजीनॅट. कंपनीच्या एकाच पत्त्यामागे शेकडो घरं. तिथे तुम्ही कितीही पोर्टं उघडा, बाहेरून येणारं डेटाचं पाकीट घरापर्यंत पोचतच नाही. स्टॅटिक आयपी (न बदलणारा स्वतःचा पत्ता) मागितला तर या प्लॅनवर मिळत नाही म्हणाले.

टेलस्केल, म्हणजे वायरगार्डवर उभी असलेली एका कंपनीची सेवा, दहा मिनिटांत लागलं. दोन्ही टोकं आतून बाहेर जातात, मध्ये एकमेकांचा पत्ता मिळवतात आणि पुढची वाहतूक वायरगार्डनेच कुलूपबंद असते. राउटरला हात लावावा लागला नाही.

नदीकाठ
सीजीनॅटचा मुद्दा मान्य, मी तो लिहायला हवा होता. पण माझ्या घरात कोणतं यंत्र शिरणार हे ठरवणारी यादी परक्या कंपनीच्या सर्व्हरवर का असावी? खासगी किल्ल्या आपल्याच यंत्रावर राहतात हे खरं. पण तुम्ही लॉगिन गूगलच्या खात्याने करता. ते खातं कुणाच्या हाती लागलं तर त्याचा फोन थेट तुमच्या माजघरात. सीजीनॅट असलं तरी बऱ्याच जोडण्यांना आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा स्वतंत्र पत्ता, मिळतो, त्यावर वायरगार्ड चालतं. नाहीतर हेडस्केल, म्हणजे टेलस्केलच्या मधल्या सर्व्हरऐवजी आपण चालवायचं सॉफ्टवेअर, स्वतःच्या भाड्याच्या सर्व्हरवर चालवा.

कातळसडा
आयपीव्ही६ दोन्ही टोकांना लागतो. माझ्या ऑफिसच्या वायफायवर तो नाही. आणि हेडस्केलचा भाड्याचा सर्व्हर अद्ययावत कोण ठेवणार? मीच ना? मुलीच्या परीक्षा, ऑफिस, गावची फेरी यांत माझं सहा महिने लक्ष गेलं नाही, तर तोच सर्व्हर तुमच्या ३३८९ इतका धोक्याचा. गूगल खात्याला दुहेरी पडताळणी आहे, नव्या यंत्राला माझ्या मंजुरीशिवाय प्रवेश नाही. मला माझ्या आळसाची भीती त्या कंपनीपेक्षा जास्त वाटते.

ओसरी
मी दोघांशीही भांडायला आले आहे. घरात शिरायची गरज मुळात किती? बाबा नागपूरला एकटे असतात, वय ७६. दोन वर्षांपूर्वी भावाने असाच रास्पबेरी पाय लावून दिला. उन्हाळ्यात वीज सारखी ये-जा करायची, त्यात त्याचं मेमरी कार्ड खराब झालं. मग मी शारजातून फोनवर, 'बाबा, टीव्हीमागची छोटी पेटी, हिरवा दिवा लागलाय का?' बाबा त्या उन्हात स्टुलावर चढले. तेवढ्यासाठी नको मला तो बोगदा. कागदपत्रांची प्रत कुलूपबंद करून क्लाउडवर ठेवली, घरच्या कॉम्प्युटरवर जायचं कारणच संपलं.

नदीकाठ
स्टुलाचं वाचून वाईट वाटलं. कागदांपुरतं तुमचं बरोबर आहे. पण ज्यांच्या घरी नॅस आहे ते तो बाहेरून बघतातच. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीखोर व्हायरसने थेट इंटरनेटवर असलेली क्यूनॅप कंपनीची नॅस यंत्रं कुलूपबंद केली आणि सुटकेसाठी ०.०३ बिटकॉइन मागितले. कित्येकांचे लग्नाचे, मुलांच्या जन्माचे फोटो त्यात होते. बोगद्यामागे असती तर वाचली असती.

पिंपळपार
मध्येच विचारतो, व्हीपीएन लावलं तर सरकारी नियमात अडकू का? ते नोंदी पाच वर्षं ठेवायचं प्रकरण?

कातळसडा
सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचा एप्रिल २०२२ चा तो आदेश लोकांना व्हीपीएनची सेवा पुरवणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही स्वतःच्या घरी स्वतःसाठी बोगदा लावताय.

एक महत्त्वाचं राहिलं. घरच्या यंत्रांचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होत असतील तर ते आधी बदला. हॉटेलचं वायफाय बहुतेक वेळा त्याच आकड्यांवर असतं, मग बोगदा लागूनही घरचं यंत्र सापडत नाही. मी रात्रभर याच्यामागे होतो. आणि चाचणी घरच्या वायफायवर नको, मोबाइल डेटावर घ्या.

ओसरी
हे टेलस्केल बाबांच्या लॅपटॉपवरच बसतं का? वेगळी पेटी नको असेल तर?

कातळसडा
बसतं. लॅपटॉप चालू असेल तेवढा वेळ तुम्हाला दिसेल, बाबांना काही करावं लागणार नाही. फक्त त्या यंत्राची किल्ली ठरावीक दिवसांनी संपते आणि पुन्हा लॉगिन मागते. त्या लॅपटॉपपुरतं हे किल्ली संपणं बंद करून ठेवा, नाहीतर पुन्हा फोन.

नदीकाठ
तिसऱ्या नोंदीचा शोध लागला. टीव्हीच्या डब्याने यूपीएनपीने, म्हणजे यंत्रांना राउटरमधलं पोर्ट आपोआप उघडू देणाऱ्या सोयीने, स्वतःच पोर्ट उघडून घेतलं होतं, कुणाला न विचारता. यूपीएनपी बंद केलं, डीव्हीआर आणि ३३८९ दोन्ही काढली. तुम्हीही राउटरमध्ये ते पान एकदा बघा. वायरगार्डबद्दलचं माझं मत तेच आहे, पण ओसरींच्या बाबांच्या घरी मीसुद्धा ते लावलं नसतं.