मदत हवी आहे: व्हीएममधल्या कंटेनरात लिबस्टोरेजएमजीएमटीला डिस्कच दिसत नाहीत

मंडळी, केव्हीएमवरच्या (लिनक्सची आभासी मशीन चालवणारी सोय) लिनक्स व्हीएममध्ये, म्हणजे आभासी मशीनमध्ये, पॉडमॅनच्या (कंटेनर चालवणारं साधन) कंटेनरात लिबस्टोरेजएमजीएमटी ही स्टोरेज सांभाळणारी लायब्ररी चालवतोय. स्टोरेजची स्क्रिप्ट खऱ्या सर्व्हरवर सोडण्याआधी इथे नीट पारखून घ्यायची आहे. तिथे भलत्याच व्हॉल्यूमवर हात पडला तर डेटा गेलाच.

एलएसएमडी, म्हणजे लायब्ररीची पार्श्वभूमीत चालणारी सेवा, व्यवस्थित उठतो. सिम्युलेटर प्लगइनचा (खोटं स्टोरेज दाखवणारा जोड) यूआरआय, म्हणजे पत्ता, दिला की पूल दिसतात, नवा व्हॉल्यूमही बनतो. म्हणजे सॉकेट आणि प्लगइन ठीक असावेत. पण एलएसएमसीएलआय या लायब्ररीच्या कमांड-साधनाची 'लोकल-डिस्क-लिस्ट' चालवली की यादी रिकामी! एररसुद्धा नाही, त्यामुळे शोध कुठून सुरू करावा तेच कळत नाही. त्याच व्हीएममध्ये एलएसबीएलके (डिस्कची यादी देणारी लिनक्स कमांड) मात्र व्हीडीए, व्हीडीबी या डिस्क दाखवतं. कंटेनर रूटने, प्रिव्हिलेज्ड (जादा अधिकारांसह) चालवलाय. /dev आणि /run/udev (डिव्हाइसची माहिती ठेवणाऱ्या) या डिरेक्टरी आत माउंट केल्यात. अजून काय राहिलं? आणि डिस्कचा ओळखदिवा लावायची कमांड व्हीएममध्ये तपासता येते का?

प्रतिसाद:
कंटेनरचा काही दोष नाही. व्हीडीए म्हणजे व्हर्टआयओ-ब्लॉक (व्हीएमसाठीचा आभासी डिस्क प्रकार) डिस्क, आणि या लायब्ररीच्या लोकल यादीत फक्त स्कझी, एटीए आणि एनव्हीएमई डिस्क येतात. व्हीएमला व्हर्टआयओ-स्कझी कंट्रोलर (ज्यावरची डिस्क स्कझी म्हणून दिसते) जोडा आणि त्यावर एक छोटी नवी डिस्क द्या. बूट डिस्क तिकडे हलवू नका. इनिटरॅमएफएसमध्ये (बूटच्या सुरुवातीला लोड होणारी छोटी फाइलसिस्टिम) तो ड्रायव्हर नसेल तर मशीन उठणार नाही. लिबव्हर्टच्या (व्हीएम सांभाळणारं साधन) एक्सएमएलमध्ये त्या डिस्कला १६ हेक्स अंकांचा डब्ल्यूडब्ल्यूएनही (डिस्कचा एकमेव ओळख क्रमांक) द्या, नाहीतर व्हीपीडी-८३ ओळख (डिस्क स्वतःबद्दल सांगते ती) रिकामी राहील आणि तुमची स्क्रिप्ट बहुधा तिच्यावरच डिस्क ओळखत असणार.

दिव्याचं म्हणाल तर आभासी डिस्कला एन्क्लोजरच (डिस्क बसवायची, दिवे असलेली पेटी) नसतं. एचबीए कार्ड (डिस्क जोडायचं कार्ड) व्हीएफआयओने (खरं हार्डवेअर थेट व्हीएमला देण्याची सोय) व्हीएमला देऊन टाकलं तर ती चाचणी होते, पण त्या कार्डावरच्या सगळ्या डिस्क होस्टच्या हातून जातात.

धागाकर्ता:
मनापासून आभार! एसडीए यादीत आली, दिलेला डब्ल्यूडब्ल्यूएन व्हीपीडी-८३ च्या रकान्यात तसाच दिसतोय. दिव्याची चाचणी खऱ्या सर्व्हरवरच करेन. आता एक शेवटची शंका: हाच कंटेनर रूटलेस, म्हणजे रूटशिवाय साध्या यूजरने, चालवला तर?

प्रतिसाद:
सिम्युलेटर चालेल, खऱ्या डिस्कचं कठीण आहे. रूटलेसमध्ये प्रिव्हिलेज्ड दिलं तरी कंटेनरला तुमच्या यूजरपेक्षा जास्त अधिकार मिळत नाहीत. लोकल डिस्कसाठी रूटच ठेवा.