मदत हवी आहे: पंपकिनसीड की ग्रीन सनफिश, हातात धरून कसं ओळखायचं? (न्यू जर्सी)

मंडळी, आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. उन्हाळा लागला की लेकाला घेऊन जवळच्या तळ्यावर गळ टाकायला जाते. सोळा वर्षांखालच्या मुलांना इथे परवाना लागत नाही, माझा काढलेला आहे. गांडुळाचा तुकडा लावला की लागतात ते बहुतेक सनफिश. तळहाताएवढे, चपटे, दिसायला सुरेख. काठावरची जुनी मंडळी सगळ्यांना सरसकट ‘सनी’ म्हणतात आणि विषय संपवतात. लेकाला वहीत नेमकं नाव लिहायचं असतं, पण खरं सांगायचं तर आता प्रश्न माझाच झालाय.

कारण असं, की न्यू जर्सीच्या नियमांत ग्रीन सनफिश आणि वॉरमाउथ हे दोन्ही ‘धोकादायक ठरू शकणारे मासे’ या यादीत आहेत. गळाला लागले तर जिवंत परत सोडायचे नाहीत, मारायचे, आणि फोटो किंवा मासा राज्याच्या मत्स्य खात्याकडे पडताळणीला पाठवायचा. आता पंपकिनसीड हा तर इथला मूळचा मासा. ग्रीन समजून तोच मारला तर? आणि उलट झालं तर नको असलेला मासा आपणच तळ्यात परत सोडतोय.

पुस्तकातली चित्रं बघून झाली. चित्रातले मासे नवरदेवासारखे नटलेले असतात, आमच्या गळाला लागतात ते शेवाळी-तपकिरी. एका माशाने फारच गोंधळ घातलाय: गालावर निळसर नागमोडी रेघा (म्हणून मला पंपकिनसीड वाटला), पण तोंड मोठं आणि परांच्या कडा पिवळट. फोटो इथे चढत नाहीये. जाणकारांनी कृपया सांगावं, आधी बघायचं काय?

गळकरी:
ताई, रंग आधी डोक्यातून काढा. विणीच्या दिवसांत, म्हणजे साधारण मे-जूनपासून, नर भडक होतात. मादी, पिल्लं आणि गढूळ पाण्यातले मासे फिकेच दिसतात. गालावरच्या निळ्या रेघांवरही जाऊ नका, त्या पंपकिनसीडला असतात, ग्रीनला असतात आणि रेडब्रेस्टलाही असतात.

तोंड मिटवून वरच्या जबड्याचं मागचं टोक कुठवर येतं ते बघा. ब्ल्यूगिल (हाही एक सनफिशच) आणि पंपकिनसीडचं तोंड एवढंसं, जबडा डोळ्यापर्यंत जेमतेम पोचतो. ग्रीनचा जबडा थेट डोळ्याखाली जातो, आणि अंगानेही तो लांबट, जाडसर असतो.

मग छातीचा पर, कल्ल्यामागे बाजूला असतो तो. हलकेच पुढे डोळ्याकडे दुमडा. ब्ल्यूगिल-पंपकिनसीडचा लांब आणि टोकदार असतो, डोळ्याच्या पुढे जातो. ग्रीनचा आखूड, गोलसर, डोळ्याच्या अलीकडेच संपतो. मला विचाराल तर ही खूण सगळ्यांत भरवशाची, ती ऋतूप्रमाणे बदलत नाही.

शेवटी कल्ल्याच्या झाकणाचं मागे आलेलं काळं टोक, कानाच्या पाळीसारखं दिसतं ते. ब्ल्यूगिलचं कडेपर्यंत काळं. पंपकिनसीडचं काळं, भोवती फिकट कड आणि अगदी टोकाला लाल-नारिंगी ठिपका. ग्रीनचं काळं, फिकट पिवळसर कडेचं, लाल ठिपका नाही. पिल्लांमध्ये हा ठिपका पुसट असतो, तिथे पराकडेच बघा.

रॅरिटनकाठ:
वरच्या यादीत रेडब्रेस्ट धरा, तोही इथला मूळचा, नदी-ओढ्यात हमखास. त्याचीही पाळी पूर्ण काळी, पण लांब आणि अरुंद, ब्ल्यूगिलची आखूड-रुंद. पाठीवरच्या पराच्या मागच्या टोकाशी ब्ल्यूगिलला काळा डाग असतो, रेडब्रेस्टला नसतो. लाँगइअर सनफिशच्या वाटेला जाऊ नका, तो इथला नव्हे. इंटरनेटवरचे अर्धे गोंधळ दुसऱ्या राज्यातले फोटो बघून होतात.

वॉरमाउथबद्दल: तोंड मोठं, डोळा लालसर, डोळ्यापासून मागे गडद पट्टे गेलेले. रॉक बासही लाल डोळ्याचा असतो, तेव्हा पोटाखालच्या मागच्या पराचे काटे मोजा. वॉरमाउथला तीन, रॉक बासला साधारण सहा.

भाकरवडी:
अवांतर, पण राहवत नाही. 1960 साली जपानचे तेव्हाचे युवराज अकिहितो अमेरिकेत आले होते, तेव्हा शिकागोच्या महापौरांनी त्यांना ब्ल्यूगिल भेट दिले. खाण्यासाठी वाढवता येतील म्हणून ते जपानला नेले, आणि पुढे बिवा सरोवरासकट सगळीकडे पसरून त्यांनी तिथल्या मूळच्या माशांची वाट लावली. सम्राट झाल्यावर 2007 मध्ये त्यांनी याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. स्वतः माशांचे अभ्यासक, तरी ही गत! त्यामुळे ताईंचा प्रश्न मला तरी किरकोळ वाटत नाही. बादलीतून या तळ्यातले मासे त्या तळ्यात नेणाऱ्यांना मात्र कुणीच काही बोलत नाही.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार! आज तसाच एक परत लागला. गळकरी, तुम्ही सांगितल्याप्रमाणे पाहिलं. जबडा डोळ्याखाली जेमतेम शिरतो. छातीचा पर आखूड नाही आणि लांबही नाही, डोळ्याच्या मध्यापाशी थांबतो. पाळी काळी, कड फिकट, लाल ठिपका नाही. पाठीच्या परामागे काळा डाग आहे. अंगावर उभे पुसट पट्टेही आहेत. म्हणजे पंपकिनसीड नाही एवढं कळलं, पण ग्रीन म्हणावा तर पर पटत नाही. हे काय प्रकरण?

गळकरी:
संकर असणार, बहुधा ग्रीन आणि ब्ल्यूगिलचा. या कुळात हे फार चालतं. एकमेकांजवळ घरटी करतात, एकाच सुमारास अंडी घालतात. संकराची पिल्लं बहुतेक नर निघतात आणि सगळ्या खुणा अशाच अधल्यामधल्या. काहीजण खासगी तळ्यांत असे मासे मुद्दाम सोडतात, तिथून पसरतात. अशा माशाचा निकाल काठावर उभं राहून लावायचा आग्रह धरू नका, पस्तीस वर्षं गळ टाकणारेही चुकतात.

मारायचा की नाही हे खात्याला ठरवू द्या. फोटो मात्र नीट काढा. हात ओला करा, डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवत पाठीचे काटे मिटवून धरा, नाहीतर टोचतील. एक फोटो पूर्ण बाजूने, तोंड मिटलेलं. दुसरा पर पुढे दुमडून. तिसरा पाळीचा अगदी जवळून, ऊन थेट पडणार नाही असा, कारण चकाकलं की फिकट कड दिसतच नाही. शेजारी पट्टी ठेवा आणि तळ्याचं नाव मेलमध्ये लिहा.

धागाकर्ती:
पट्टी सोडून बाकी सगळे फोटो आहेत, पाठवते. लेकाने वहीत ‘ब्ल्यूगिल गुणिले ग्रीन’ असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलंय. खात्याकडून उत्तर आलं की इथेच कळवेन.