मदत हवी आहे: १०० शेळ्या व ५ बोकडांच्या प्रकल्पात पहिल्या वर्षाचा खर्च कसा भागवावा?

सर्वांना नमस्कार. धाराशिव जिल्ह्यातील भूम तालुक्यात आमची साडेचार एकर जमीन असून विहिरीचे पाणी बहुतेक वर्षी फेब्रुवारी-मार्चपर्यंतच पुरते. राष्ट्रीय पशुधन अभियानातून १०० शेळ्या व ५ बोकड या गटासाठी अर्ज करण्याचा विचार आहे. या गटास प्रकल्पखर्चाच्या ५० टक्के, परंतु कमाल १० लाख रुपये भांडवली अनुदान मिळते. योजनेच्या अटी मी वाचल्या आहेत. अडचण पहिल्या वर्षाच्या हिशेबाची असून त्याबाबत प्रत्यक्ष कळप सांभाळणाऱ्यांचे मत हवे आहे.

सल्लागाराने दिलेल्या प्रकल्प अहवालात वर्षाला ३०० करडे धरली आहेत, म्हणजे दोन वर्षांत तीन वेत आणि प्रत्येक वेताला दोन करडे. उस्मानाबादी शेळी जुळ्यांसाठी प्रसिद्ध आहे हे खरे. परंतु शंभरही शेळ्या वेळेवर गाभण राहतील, प्रत्येक शेळीला जुळेच होईल आणि आंत्रविषार किंवा पीपीआर यांसारख्या रोगांनी एकही मरतूक होणार नाही, असे धरणाऱ्याने एखादा पावसाळा गोठ्यात काढलेला नसावा. मी विक्रीयोग्य करडे १५० ते १६० एवढीच धरतो. शिवाय गाभणकाळ पाच महिन्यांचा आणि त्यानंतर करडू विक्रीला येण्यास सहा ते आठ महिने, म्हणजे वर्षभर हाती जवळजवळ काहीच येणार नाही.

खर्च मात्र पहिल्या दिवसापासून सुरू होतो. मोठ्या शेळीला दिवसाला साडेतीन किलो हिरवा चारा, एक किलो वाळला चारा व पाव किलो खुराक धरला, तर हिरवा चाराच वर्षाला सव्वाशे टनांच्या वर जातो. सोयाबीनची गुळी आणि तुरीचा भुसा घरचा असल्याने वाळल्या चाऱ्याची फारशी चिंता नाही. खुराक किलोला २८ रुपयांनी धरला तरी रोजचे ७०० रुपये, वर्षाचे अडीच लाखांहून अधिक होतात. यात मजुरी, लसीकरण आणि विमा आलेला नाही. खेळते भांडवल, जमीनखरेदी व भाडे यांसाठी हे अनुदान वापरता येत नाही. ते दोन समान हप्त्यांत मिळते आणि दुसरा हप्ता प्रकल्प पूर्ण झाल्याची पडताळणी झाल्यावरच येतो. पशुपालनासाठीच्या किसान क्रेडिट कार्डावर २ लाखांपर्यंत, वेळेवर परतफेड केल्यास ४ टक्के दराने पैसे मिळतात, पण ते एकट्या खुराकालाही अपुरे पडतात.

वडिलांचा कल गायींकडे आहे, कारण २०२४ मध्ये शासनाने गायीच्या दुधाला लिटरमागे आधी ५ व ऑक्टोबरपासून ७ रुपये अनुदान दिले. परंतु ते सहकारी संघाला किंवा खाजगी दूध प्रकल्पाला दूध घालणाऱ्यांसाठी होते. आमच्या भागातील बरेचसे दूध खव्याच्या भट्टीवर जाते, त्याला त्याचा काय उपयोग?

दुसरा मार्ग म्हणजे राज्य शासनाच्या नाविन्यपूर्ण योजनेतील १० शेळ्या व १ बोकड हा गट, ज्यात खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ७५ टक्के अनुदान आहे. त्यातून घरच्याच पाटी (तरुण माद्या) राखून कळप वाढवल्यास वेळ अधिक लागेल, पण कर्जाचा हप्ता मानेवर बसणार नाही. माझे मत सध्या याच बाजूला झुकते आहे.

तरीही अर्ज सोडून देण्यापूर्वी काही गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. १०० शेळ्यांच्या प्रकल्पात बँकेने हप्ते सुरू होण्यापूर्वी किती महिन्यांची सवलत दिली? मुदत कर्जासोबत त्याच बँकेने किसान क्रेडिट कार्ड दिले, की एकावरच बोळवण केली? कळप एकदम न आणता दोन टप्प्यांत आणला, तर अनुदानाच्या दुसऱ्या हप्त्याच्या पडताळणीत अडचण येते का? मराठवाड्यातील, विशेषतः उन्हाळ्यात चारा विकत घ्यावा लागणाऱ्या शेळीपालकांनी आपल्या दुसऱ्या वर्षाअखेरचे जमाखर्चाचे आकडे, अनुदान वगळून, येथे दिल्यास मी आभारी राहीन.